एका विहिरीच्या तीन गोष्टी

आमच्या विहिरीचा इतिहास मला तिघांनी सांगितला आणि तिघांचं कधी जुळलं नाही. आबांची, म्हणजे आजोबांची, विहीर एक, आजीची दुसरी, मांगवाड्यातल्या तात्यांची तर तिसरीच. विहीर मात्र तीच. येरळा नदीपासून थोड्या अंतरावर, काळ्या खडकात फोडलेली, दोन मोटा चालतील एवढ्या ऐसपैस काठाची. आता तिच्यात पाणबुडी मोटार आहे, काठावर स्टार्टरची पत्र्याची पेटी आहे आणि जुन्या दगडी थारोळ्यात चुलत्यांनी कोथिंबीर लावली आहे.

आबांची गोष्ट पहाटे सुरू व्हायची. चांदणी उगवली की बैल जुंपायचे. धावेच्या उतारावरून बैल पुढं निघाले की नाडा ताणायचा, वरचं चाक कुरकुरायला लागायचं आणि भरलेली मोट विहिरीतून वर यायची. बैलांवरचा ताण हलका व्हावा म्हणून मोटकरी उडी मारून नाड्यावर बसायचा. मोट चाकाशी पोचली की खालची सौंदर, म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेला दोर, सोंड ओढून धरायची आणि पाणी धबाल्‌दिशी थारोळ्यात. मग बैल उलट्या पावली, मागं सरत सरत, चढ चढून पुन्हा विहिरीच्या तोंडाशी. दिवसभर हेच. आबा म्हणायचे, बैलाला पुढं चालायला कोणीही शिकवील, मागं चालायला शिकवावं ते आमच्यासारख्यांनी. मोटेवरची गाणी त्यांना पुष्कळ येत. बैल गाण्याच्या ठेक्यावर चालतो असं त्यांचं ठाम मत होतं. गाणं थांबलं की बैल थबकतो म्हणे. खरं-खोटं बैलांना ठाऊक.

"दिसभर मोट हाणली तर अर्धा एकर भिजायचा," आबा सांगत. "पाणी खोल गेलं की त्योबी न्हाई. बैल दमला की हिरीलाबी इसावा."

हे शेवटचं वाक्य मी लहानपणी नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. त्यात किती होतं ते बोअरची गाडी गावात आल्यावर कळलं. त्याबद्दल पुढे.

आबांना मोटेचा अभिमान होता आणि त्याला इतिहासाचा आधारही होता. अरणच्या सावता माळ्यांनी मोट, नाडा आणि विहीर अभंगात आणली, हे ते स्वतः लिहिल्याच्या थाटात सांगत. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर त्यांनी मला दाखवायला नेली होती. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली ही विहीर अष्टकोनी आहे. आत पायऱ्या उतरून जावं तर वर चक्क महालासारखी दालनं. भोवतीच्या आमराईला तिचं पाणी जायचं. नाव बारा मोटांचं असलं तरी जागा पंधरा मोटांच्या आहेत असं सांगतात. आबा काठावर उभे राहून जागा मोजत होते आणि मी मनात बैल मोजत होतो. पंधरा मोटा एकदम चालायच्या म्हटल्या तर किती जनावरं, किती माणसं, किती वैरण! आबांना मात्र तो हिशेब ओझ्याचा वाटत नव्हता. त्यांच्या लेखी ते वैभव होतं.

आता आजीची गोष्ट. आबांच्या गोष्टीत थारोळ्यात पाणी पडलं की गोष्ट संपायची. आजीची तिथून सुरू व्हायची, कारण दारं धरायला ती असायची.

थारोळ्यातलं पाणी पाटानं वाफ्याकडं जातं. एक वाफा भरला की खोऱ्यानं त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. मोट थांबत नाही तोवर दारं धरणाऱ्याला बसता येत नाही. थंडीत पहाटे गुडघाभर चिखलात उभं राहून आजीच्या पायांना कायमच्या चिखल्या झालेल्या असत. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटायच्या. त्यांत ती कोमट एरंडेल सोडायची. "तुझा आजा नाड्यावर बसून गानी म्हनायचा," ती सांगे, "मला त्यो गातोय का वरडतोय ह्येबी पाटाच्या कडंला ऐकू येत नव्हतं." बैल सोडले की त्यांच्यापुढं पेंड ठेवायची, तीही आजीनंच. स्वतःची भाकरी त्यानंतर. मोट बंद पडल्याचं तिला तिळमात्र दुःख नव्हतं, आणि आबा समोर असले तरी ती ते बोलून दाखवायची.

मोट जाऊन इंजिन आलं ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीला, कर्ज काढून. आमच्या भागात यंत्राचं कौतुक जरा जास्तच होतं, कारण किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ दिला. 1910 मध्ये त्या माळावर कारखाना उभा राहिला. पुढे स्टेशनाचंही नाव बदललं. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंड लागलं की जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली ही गोष्ट आमच्याकडं शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. आबांच्या वडलांनी म्हणे असा नांगर पहिल्यांदा वापरला तो बांधाकडेच्या एका पट्ट्यात. नासली तर तेवढीच नासेल!

त्याच कारखान्यानं 1920 मध्ये आपल्या मालाची खबरबात देणारं एक पत्रक काढलं, त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि 1930 मध्ये त्याच माळावरून 'स्त्री' मासिक निघालं. नांगराच्या फाळामागून बायकांच्या शिक्षणाचा, विधवाविवाहाचा वाद घराघरांत शिरला. आजीला वाचता येत नव्हतं. पण तिच्या माहेरच्या एका मास्तरीणबाईंकडं 'स्त्री'चे अंक असत आणि त्या ते मोठ्यानं वाचून दाखवत, असं ती सांगे. नांगर विकणाऱ्यांनी हे सगळं आधी ठरवलं असेल असं मला वाटत नाही.

तर इंजिन. सकाळी गारठ्यात ते चालू व्हायचं नाही. पेटता बोळा तोंडाशी धरून ते तापवायचं, मग हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगटच जायचं. आमच्या एका चुलत्यांचा हात असाच मोडला आणि तो पुढं कधी सरळ झाला नाही. पण एकदा फटफट सुरू झाली की मोटेला जेवढं पाणी काढायला दिवस लागायचा तेवढं इंजिन न्याहारीपर्यंत काढून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात विहिरीवर काम नसलं की लोक त्याच इंजिनाला पट्टा चढवून पिठाची गिरणी चालवत. आजीच्या मते इंजिनाचा खरा उपकार तो. जातं कोपऱ्यात गेलं आणि ती आयुष्यात पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपली. सासूनं त्याबद्दल आठवडाभर टोमणे मारले.

आबांचं दुखणं वेगळं होतं. मोटेसाठी लागणारं सगळं गावात होतं आणि त्याला पैसा लागत नव्हता. सुतार चाक आणि कणा करायचा, लोहार कड्या, चांभार मोट शिवायचा, मांग दोर वळायचे. सुगीला खळ्यावर येऊन ज्याचं त्याचं बलुतं घेऊन जायचे. इंजिनाला मात्र क्रूड तेल लागायचं, नोझल लागायचं, मिस्त्री लागायचा, आणि हे सगळं तालुक्याहून, रोख पैसे टाकून. बँकेचा हप्ताही रोखच. जोंधळा विकून एवढा पैसा उभा राहत नाही. तोवर नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू होऊन आमच्या भागातही कारखान्यांचं वारं आलं होतं. आबांनी ऊस लावला. उसाला पाणी लागतं, म्हणून इंजिन जास्त वेळ चालवायचं, म्हणून तेल जास्त, म्हणून आणखी ऊस. "बैल मी हाणत हुतो," ते म्हणायचे, "इंजान मला हाणाय लागलं."

तात्यांची गोष्ट मी सगळ्यांत उशिरा ऐकली. शाळा संपून नोकरी लागल्यावर. तोवर त्यांना विचारावंसं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही.

तात्यांचे वडील आमच्या धावेसाठी नाडा वळायचे. घायपाताची पानं ओढ्याच्या डबक्यात कुजत घालायची. ती सडली की येणारा वास अंगाला असा चिकटायचा की शाळेत मास्तर त्यांना आणखी लांब बसवायचे. मग पानं बडवून वाक काढायचा, धुऊन वाळवायचा आणि पिळायला बसायचं. घरातले सगळेच लागत. एक जण वाक पुरवणार, एक पीळ देणार, एक ओढून धरणार. नाड्याचा पीळ जरा सैल राहिला तर भरली मोट अर्ध्या वाटेवरून खाली जाते आणि बैलही धावेवर तोंडघशी पडतात. तात्यांनी बोलता बोलता कोपऱ्यातला सुतळीचा तुकडा घेऊन मला पीळ दाखवला. मांडीवर तळहात एकदा पुढं, एकदा मागं. बोटांना सगळं पाठ होतं.

"बाचा नाडा रोज हिरीत उतरायचा," ते म्हणाले. "बा न्हाई उतरला कधी."

मोटेचं कातडं मेलेल्या जनावराचं. ते ओढून नेणं महारांच्या माथी, कमावणं ढोरांच्या, शिवणं चांभारांच्या. त्या कातड्यातून आलेलं थारोळ्यातलं पाणी वाटसरू पीत, आबा पीत, देवाला निघालेला भटजीही पीत असे. ज्यांच्या हातून ती मोट आणि तो दोर तयार झाला त्यांना मात्र थारोळ्याला हात लावायची मुभा नव्हती. लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला पाणी प्यायलं. आमच्या गावात ते पाणी पोचायला फार वर्षं लागली. आबांच्या गोष्टीतल्या बिनपैशाच्या गावगाड्याला ही दुसरी बाजू होती आणि ती आबांनी कधी सांगितली नाही. लपवत होते असंही नाही. त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीच नसावी.

मोट एकदम गेली नाही. आधी पत्र्याची मोट आली. तिनं चांभाराचं काम नेलं, पण दोराचं ठेवलं. इंजिनानं दोराचंही नेलं. ज्या वर्षी आमच्या विहिरीवर इंजिन बसलं त्या वर्षी तात्यांचे वडील नेहमीप्रमाणे नवा नाडा खांद्यावर टाकून आले आणि इंजिनाकडं बघत उभे राहिले. आबांनी नाडा ठेवून घेतला, धान्यही दिलं. पुढच्या वर्षी "आता नको" म्हणाले. बेंदराला कासरा, दावं, म्होरकी एवढं उरलं होतं, ते पुढं बाजारातल्या नायलॉनच्या दोरानं संपवलं. सुरुवातीची काही वर्षं तात्यांच्या घरात चूल एक वेळच पेटायची. मग तात्या कारखान्यात मजुरीला गेले. पगार रोख मिळे. रोख पैसा आबांच्या गळ्यातला फास झाला आणि तात्यांना त्याच पैशानं खळ्यावर पदर पसरण्यातून सोडवलं.

"नाडा तुटला त्ये बरं झालं म्हना," तात्या म्हणाले, "पर तुटताना आमी त्येला धरून हुतो."

वीज आमच्याकडं साठच्या दशकाच्या शेवटी आली. कोयनेची वीज. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्याही घराची भांडी फळीवरून खाली आली. धरणीच्या पोटावर एवढं पाणी कोंडल्यावर दुसरं काय होणार, असं आजीचं म्हणणं होतं. विजेच्या मोटारीला ना बोळा, ना हँडल. हिरवं बटण दाबलं की पाणी. घरातली आठ-नऊ वर्षांची पोरंही मोटार सुरू करू लागली. पुढे मीटर गेला, हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी आली आणि मोटार बंद करण्याचं कारणच उरलं नाही.

1972 च्या दुष्काळात विहीर तळाला गेली. आबा आणि तात्या एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते, हे दोघांनीही मला वेगवेगळं सांगितलं. तिथं मिळणारी सुकडी आणि घरी आलेली लाल मिलो ज्वारी सगळ्यांनी सारखीच खाल्ली. दुष्काळ सरला आणि छिद्रं पाडणारी यंत्रं आली. बैलाच्या दमावर विहिरीची खोली ठरायची तो काळ संपला होता. आता ती खिशावर ठरू लागली. शेजाऱ्यानं बोअर मारलं की आपण त्याहून खोल मारायचं. आबांनी 'इसावा' म्हटला तो विहिरीला पुन्हा कधी मिळाला नाही.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे या इंजिनिअरनं पाणी पंचायत उभी केली. पंप तेच, वीज तीच. नियम मात्र निराळे: पाणी जमिनीवर नाही तर घरातल्या माणसांवर, माणशी अर्ध्या एकराचं, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आमच्या गावात कुणी हे सुचवलं असतं तर त्याला हसले असते, आणि हसण्यात आबा पहिले असते. आमच्याकडं विजेचं कनेक्शन सातबाऱ्यावर मिळायचं. पाणी सातबाऱ्याच्या मागून गेलं.

तात्यांच्या हिशेबात मात्र सगळ्यांत मोठं यंत्र इंजिनही नव्हतं आणि विजेची मोटारही नव्हती. ते होतं वस्तीतला हापसा. तो बसला त्या दिवशी तात्यांच्या आईनं त्याला हळदीकुंकू लावलं. आधीचे बिडाचे हातपंप महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनमधल्या लोकांनी ते सुधारून दणकट केले आणि सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं 'इंडिया मार्क 2' तयार झाला. तो पुढं आफ्रिकेतही गेला. मराठी मुलखातल्या दुष्काळी गावांसाठी घडलेलं हे यंत्र जगभर गेलं, आणि त्याचा आपल्याकडं कुठं उल्लेखही होत नाही.

पण हापशानं गावाची एक सोयही झाली. घटना होती, 1955 चा अस्पृश्यताविरोधी कायदा होता; विहीर सगळ्यांना खुली करणं भागच होतं. ती वेळ कुणावर आलीच नाही. वस्तीला वेगळा हापसा मिळाला, विहिरीचा प्रश्न विचारण्याआधीच मिटला. तात्यांना हे कळत नव्हतं असं नाही. मी विचारलं तेव्हा ते हसले. "आय चार घागरीसाठी दोन तास ताटकळायची. तिला मी सांगायचं व्हय, हापसा नको, आपून हिरीवरच जाऊ?"

आता चुलते मोबाइलवरून मोटार चालू करतात. पेटीत सिमकार्ड आहे. वीज कित्येक वर्षं पाळीनं यायची, त्यात दर आठवड्याला रात्रीची पाळी ठरलेली. रात्री बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाताना साप चावून माणसं गेली. आजीच्या चिखल्या गेल्या, पण अंधारात पाटावर उभं राहणं परत आलंच. म्हणून चुलत्यांनी सौरपंपासाठी अर्ज भरला. दिवसा ऊन, दिवसा पाणी.

त्या अर्जाच्या कामानं तालुक्याला गेलो असताना स्टँडमागच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तात्यांचा नातू भेटला. दुकान त्याचंच. दाब कमी-जास्त झाला की शेतातल्या मोटारी जळतात आणि उन्हाळ्यात त्याच्या दारात जळक्या मोटारींची रांग लागते. बागायतदारही तिथं स्टुलावर बसून नंबर लावतात. चहा तो स्वतः सांगतो, पैसे आधी घेतो. आमच्या चुलत्यांची मोटार त्यानं बांधून ठेवली होती. तांब्याच्या तारेचे वेढे बघितले तर एकही सैल नव्हता.

सौरपंपाचं ऐकून तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, त्याची पाच वर्षं दुरुस्ती कंपनी करणार. आणि त्याच्या मोटारी वेगळ्या, कंट्रोलर वेगळा, पार्टही तेच देणार. तुमच्या गावातले सगळेच सोलरवर गेले तर माझ्याकडं काय येणार?" फळीवर त्याच्या फोनमध्ये कंट्रोलर दुरुस्तीचा व्हिडिओ अर्ध्यावर थांबवलेला होता. हिंदीतला. गाळ्याचं भाडं मार्चपासून वाढणार आहे, तोवर गाळा सोडायचा की हे शिकून घ्यायचं ते ठरवतोय, म्हणाला, आणि चुलत्यांच्या मोटारीचे किती झाले ते कॅल्क्युलेटरवर काढायला लागला.